१९७० शेव्हेल एसएस ४५४ एलएस६ : ‘मॅचिंग नंबर्स’चा दावा कसा पडताळायचा?

चौथा_गियर

मंडळी, शेव्हरोलेची १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ (४५४ घनइंच इंजिनची स्पोर्ट आवृत्ती) विकत घ्यायचा विचार आहे. मालिबू स्पोर्ट कूप, एलएस६ इंजिन (४५४ ची सर्वांत ताकदवान आवृत्ती), मन्सी एम२२ फोर-स्पीड गियरबॉक्स. बॉडी चासीवरून उतरवून पूर्ण रिस्टोअर केलेली आहे. ‘सगळे नंबर मॅचिंग’, म्हणजे इंजिन-गियरबॉक्स याच गाडीचे मूळ, असं जाहिरातीत म्हटलंय. कागद म्हणाल तर रिस्टोरेशनची बिलं आणि कामाचे ढीगभर फोटो आहेत. बिल्ड शीट (कारखान्यातला बांधणीचा कागद) नाही, प्रोटेक्ट-ओ-प्लेटही (वॉरंटीची धातूची पट्टी) नाही.

आत्तापर्यंत हाती आलेली माहिती अशी. व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) सुरुवात १३६३७०बी. फायरवॉलवरच्या काउल टॅगवर बीएएल आणि तारखेच्या जागी ०३डी. इंजिनच्या पॅडवर टी०३११सीआरव्ही आणि त्याशेजारी व्हीआयएनचा भाग, तो डॅशवरच्या पाटीशी जुळतो. ब्लॉकचा कास्टिंग नंबर ३९६३५१२, हेडचा ३९६४२९१.

चालवून पाहिल्यावर दिसलेल्या गोष्टी : सिग्नलला रांगेत उभं राहिलं की तापमानाचा काटा चढत जातो, मोकळ्या रस्त्यावर खाली येतो. पंपावरचं ९३ ऑक्टेन असूनही तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकू येतं. टॅपेटचा आवाज सतत आहे. २८०० आरपीएमच्या वर पूर्ण गाडी थरथरते. आणि काउल इंडक्शनची (हूडमधून इंजिनला बाहेरची हवा देणारी) झडप इंजिन बंद असताना उघडीच राहते.

पहिला प्रश्न ओळखीचा : एवढ्या माहितीवर ही एलएस६ म्हणता येईल का? दुसरा, या तक्रारींपैकी कुठली किरकोळ आणि कुठली खर्चात पाडणारी?

---

डेक_पॅड

ओळखीबद्दल सांगतो, तक्रारींवर इतर लिहितीलच.

शेव्हेलची मूळ अडचण ही, की १९७० च्या व्हीआयएनमध्ये इंजिनही नाही आणि एसएसही नाही. १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे मालिबू व्ही८, ३७ म्हणजे स्पोर्ट कूप, ० म्हणजे १९७० आणि बी म्हणजे बाल्टिमोर. ३०७ घनइंचाचं साधं इंजिन असलेल्या मालिबूचा व्हीआयएनही नेमका असाच सुरू होतो. १९६८ पर्यंत १३८ आकड्यावरून एसएस ३९६ ओळखता यायची, १९६९ पासून ती सोय गेली. त्या काळच्या प्लिमथ किंवा डॉजच्या व्हीआयएनमध्ये पाचवं अक्षरच इंजिन सांगतं, इथे तसं काही नाही. त्यामुळे १९७० च्या शेव्हेलचा व्हीआयएन दावा खोडून काढू शकतो, सिद्ध करू शकत नाही. सुरुवात १३५ ने असती तर ती सहा सिलिंडरची मालिबू, म्हणजे विषय तिथेच संपला असता. तुमची ती चाळणी पार करते, पण त्याहून जास्त काही नाही. काउल टॅगचंही तेच. बॉडीचा प्रकार, ट्रिम, रंग आणि बांधणीचा आठवडा कळतो. ०३डी म्हणजे मार्चचा चौथा आठवडा.

आता ब्लॉक. ३९६३५१२ वाचून लोक हुरळून जातात. पण हा ब्लॉक एलएस६ साठी राखीव नव्हता. ४५४ च्या ३६० हॉर्सपॉवरच्या सौम्य आवृत्तीत, एलएस५ मध्ये, तो होता, पुढच्या वर्षांच्या कितीतरी मोठ्या गाड्यांतही होता. बाजारात तो आजही मिळतो. हेडचा नंबर जास्त बोलका आहे. ३९६४२९१ हे चौकोनी पोर्टचं, बंद चेंबरचं हेड आहे. एलएस५ चं ३९६४२९० हे लंबगोल पोर्टचं. पण हेड सुटं विकत मिळतं, तेव्हा त्यानेही गाडी सिद्ध होत नाही, इंजिन त्या घडणीचं आहे एवढंच कळतं.

राहता राहिला पॅड. टी म्हणजे टोनावांडा, न्यूयॉर्क राज्यातला शेव्हरोलेचा इंजिन कारखाना, बिग ब्लॉक (मोठी व्ही८ इंजिनं) तिथेच बनत. इथे व्ही अक्षर असतं तर ते फ्लिंटच्या स्मॉल ब्लॉकचं. ०३११ म्हणजे ११ मार्च. सीआरव्ही म्हणजे मॅन्युअल गियरबॉक्सची एलएस६. ऑटोमॅटिकला सीआरआर. म्हणजे अक्षरं बरोबर आहेत. पण बरोबर अक्षरं कुणीही ठोकू शकतो, पंचांचे संच विकत मिळतात. म्हणून पॅडवर काय लिहिलंय यापेक्षा पॅडचा पृष्ठभाग कसा आहे ते बघा.

पॅड हा ब्लॉकच्या डेकचाच भाग आहे, प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या पुढे. कारखान्यात डेक ब्रोचिंगने (सरळ ओढलेल्या दातेरी अवजाराने) कापला जाई, त्यामुळे पॅडवर पुढून मागे, क्रँकला समांतर अशा बारीक सरळ रेघा राहतात. थिनरने रंग काढा, कडेने तिरपा उजेड टाका, दहापट भिंगातून बघा. रेघा अक्षरांच्या खालून अखंड जात असतील तर उत्तम. गोलाकार ओरखडे दिसले तर तो पृष्ठभाग नंतर मिल केलाय. एमरी पेपरने घासल्याच्या आडव्यातिडव्या रेघा दिसल्या तर आणखी वाईट. इंजिनचा कोड टोनावांडात एका साच्यात अक्षरं बसवून एकदम ठोकला जाई. व्हीआयएनचा भाग मात्र गाडी जोडणाऱ्या कारखान्यात, इथे बाल्टिमोरला, वेगळ्या पंचांनी ठोकला जाई. त्यामुळे दोन्ही ओळींचा अक्षरप्रकार, खोली आणि रांग यांत फरक हवा. दोन्ही अगदी एका हातच्या वाटल्या तर शंका घ्या.

एक सावधगिरी. रेघा नसणं म्हणजे लगेच फसवणूक नव्हे. रीबिल्डमध्ये डेक सरळ करताना बेफिकीर मशीन शॉपवाला पॅडही कापून टाकतो, आणि मग मालक जुनेच आकडे पुन्हा ठोकून घेतो. जाणता कारागीर पॅडच्या अलीकडे कटर थांबवतो. पण मूळ ठसा आणि पुन्हा ठोकलेला ठसा यांच्या किमतीत मोठा फरक आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

आता तुम्ही न दिलेली, पण सगळ्यात जास्त हवी असलेली गोष्ट : ब्लॉकच्या ओतकामाची तारीख. ती ठोकलेली नसते, साच्यातच उठून आलेली असते, म्हणून खोटी करणं अवघड. ब्लॉकच्या उजव्या बाजूला, स्टार्टरच्या आसपास शोधा. महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा अशी ती असते. सी ५ ० म्हणजे ५ मार्च १९७०. क्रम असा हवा : आधी ओतकाम, मग इंजिनची जुळणी, मग गाडीची बांधणी. मधल्या फरकाचे दिवस थोडेफार इकडेतिकडे चालतात, क्रम मात्र उलटून चालत नाही.

गियरबॉक्सवरही बघा. मन्सीवर पी, वर्ष, महिना, दिवस आणि शेवटी प्रकार असा शिक्का असतो. पी०सी०५सी म्हणजे ५ मार्च १९७०, शेवटचं सी म्हणजे एम२२. तिथे बी असेल तर तो एम२१. दोन्हींचा पहिला गियर २.२० च असल्याने चालवून कळणार नाही. एम२२ च्या दातांचा तिरपा कोन कमी असतो म्हणून तो जास्त गुणगुणतो, तेवढाच कानाला फरक. गियरबॉक्सवरही व्हीआयएनचा भाग ठोकलेला असतो.

बॉडी उतरवल्याचे फोटो आहेत म्हणता, ते तर घबाडच आहे. व्हीआयएनचा भाग चासीच्या रेलवर वरच्या अंगाला आणि फायरवॉलवर हीटर बॉक्सच्या मागे छापलेला असतो. बॉडी बसवलेली असताना हे दिसणं मुश्कील. रिस्टोरेशनच्या फोटोंत या दोन जागा उघड्या असणारच. मोठ्या आकाराचे मूळ फोटो मागा. डॅशवरची पाटी सहा पाकळ्यांच्या रिव्हेटने धरलेली हवी. तिच्याशी छेडछाड हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे, त्यामुळे तिथे काही संशयास्पद दिसलं तर मोलभाव करत बसू नका, सरळ निघून या.

कागदांबद्दल : पॉन्टिअॅकच्या गाड्यांची मूळ नोंद पीएचएसकडून (पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) मिळते, शेव्हरोलेची तशी मिळत नाही. अपवाद कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांचा, त्यांची नोंद जीएम कॅनडाकडे असते. बाकीच्यांसाठी बिल्ड शीट हाच आधार. ती बहुधा पेट्रोलच्या टाकीवर, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा कार्पेटखाली सापडते. टाकी उतरवली तेव्हा काही मिळालं का, ते विचाराच. कागद असला तरी तो नवा छापलेला नाही ना हेही बघावं लागतं, कारण त्याचाही धंदा आहे. एसएस ४५४ एकूण ८,७७३ निघाल्या, त्यांत एलएस६ ४,४७५, हा आकडा हार्डटॉप, कन्व्हर्टिबल आणि एल कॅमिनो धरून. आज ‘एलएस६’ म्हणून मिरवणाऱ्या गाड्या बघता कारखान्याने निवृत्तीनंतरही उत्पादन चालू ठेवलेलं दिसतं.

---

ओतीव_लोखंड

डेक_पॅड यांच्याशी सहमत. आता तक्रारी, सोप्यापासून.

काउलची झडप : ही तक्रारच नाही. इंजिन बंद असताना झडप उघडी असते. सुरू झालं की व्हॅक्यूम तिला ओढून बंद करतो, पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम पडला की ती पुन्हा उघडते. इंजिन आयडलवर असतानाही उघडी राहत असेल तर नळी निसटलीय किंवा ॲक्च्युएटरचा पडदा फाटलाय. नळी बोटाने बंद करून इंजिनची चाल बदलते का बघा, बदलली तर तिथूनच गळती आहे.

टॅपेटचा आवाज : एलएस६ ला सॉलिड लिफ्टर (अंतर आपोआप न जुळवणारे) आहेत, त्यामुळे आवाज असणारच. शिवणयंत्रासारखा एकसारखा असेल तर काळजी नको. एखादाच ठोका वेगळा उठून ऐकू येत असेल तर बघावं लागेल. कारखान्याचं अंतर इंजिन गरम असताना इनटेकला ०.०२४ इंच आणि एक्झॉस्टला ०.०२८ इंच. पण आत बाजारातला कॅम असेल तर त्या कॅमच्या कार्डावरचा आकडा धरायचा, म्हणून बिलांमध्ये कॅमचा नंबर शोधा. पद्धत : एका सिलिंडरचा एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याचा इनटेक सेट करा, इनटेक पूर्ण उघडून बंद व्हायच्या बेतात आला की एक्झॉस्ट. सगळे सोळा लिहून ठेवा. पाचेकशे मैलांनी परत मोजा. एकाच व्हॉल्व्हचं अंतर वाढलेलं दिसलं तर कॅमचा तो लोब झिजतोय.

रिस्टोअर केलेल्या इंजिनात हे फार होतं, आणि कारण बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासातलं असतं. फ्लॅट टॅपेट कॅमला इंजिन पहिल्यांदा पेटल्याबरोबर २,००० ते २,५०० आरपीएमवर वीस ते तीस मिनिटं ठेवावं लागतं, मध्ये आयडलवर येऊ द्यायचं नाही. लोबवर तेल मुख्यतः क्रँकच्या उडवण्याने पोचतं आणि आयडलला ते पुरत नाही. लिफ्टर फिरला नाही तर लोब काही मिनिटांत सपाट होतो. जोडीच्या स्प्रिंग असतील तर ब्रेक-इनपुरती आतली काढून ठेवावी. तेलही बघा. आजच्या साध्या पेट्रोल-गाडीच्या तेलात जस्त-फॉस्फरसचं प्रमाण कमी असतं, या कॅमला सुमारे १,२०० पीपीएम जस्त असलेलं तेल हवं. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. चमचमणारी लोखंडी पूड चुंबकाला चिकटली तर कॅम संपत आलाय, आणि ती पूड बेअरिंगांतही गेलेली असणार.

तापणं : रांगेत तापतं आणि वेगात थंड होतं, म्हणजे पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय. याच्या उलट, हायवेवर तापत असतं तर रेडिएटर चोंदलेला किंवा खालची नळी शोषली जाऊन चपटी होते असं म्हटलं असतं. त्या नळीत आतून स्प्रिंग लागते, नवी नळी घालताना लोक ती काढून टाकतात. तुमच्या बाबतीत आधी पंख्याचा शराउड (भोवतीचं आवरण) आहे का आणि पंख्याची पाती त्यात साधारण अर्धी शिरलेली आहेत का ते बघा. मग फॅन क्लच : इंजिन गरम असताना बंद केलं की पंखा लगेच थांबायला हवा, गरगर फिरत राहिला तर क्लच गेला. रेडिएटर आणि कोअर सपोर्टमधल्या रबरी पट्ट्या रिस्टोरेशनमध्ये हमखास राहून जातात, मग तीच गरम हवा वळसा घालून परत येते. आयडलला टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे असलं तरी असंच तापतं, त्यामुळे व्हॅक्यूम ॲडव्हान्स खरोखर चालतो का तेही तपासा.

हे सगळं ठीक असूनही तापलं तर एक जुनी खोड : हेड गॅस्केट उलटं बसवणं. या मार्क फोर (शेव्हरोलेच्या त्या काळच्या बिग ब्लॉकचं नाव) ब्लॉकमध्ये पाण्याची मोठी भोकं मागच्या बाजूला यायला हवीत, म्हणजे पाणी ब्लॉकमधून मागपर्यंत जाऊन मग हेडमधून पुढे येतं. गॅस्केट फिरलं तर पाणी पुढेच वर चढतं आणि मागचे सिलिंडर भाजतात. हेड काढल्याशिवाय नीट कळत नाही. काढलीच तर लक्षात ठेवा, हेडच्या काही बोल्टांची भोकं वॉटर जॅकेटमध्ये उघडतात, तिथे आट्यांना सीलंट लागतं. विसरलं तर पाणी बोल्टच्या बाजूने वर येतं आणि लोक गॅस्केटला शिव्या देतात.

नॉकिंग : कम्प्रेशन ११.२५:१, हेड लोखंडी. १९७० मध्ये शिसं असलेलं प्रीमियम पेट्रोल गृहीत धरून केलेला हिशोब आहे हा. ९३ वर नॉक होणं नवल नाही, पण सगळा दोष पेट्रोलवर टाकण्याआधी टायमिंग मोजा. एकूण मेकॅनिकल ॲडव्हान्स ३६ अंशांच्या आसपास हवा. डिस्ट्रिब्युटरमध्ये कुणी हलक्या स्प्रिंग घातल्या असतील तर तो फार लवकर पूर्ण होतो. आणि डॅम्परवरची (क्रँकच्या पुढच्या टोकाला कंपन शोषणाऱ्या चाकावरची) खूण खरी आहे का? बाहेरची कडी रबरावर सरकलेली असेल तर टायमिंग लाइट जे सांगेल ते खोटं. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालून दोन्हीकडून टेकवा, दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी (पिस्टन अगदी वर असण्याचा बिंदू). वीस मिनिटांचं काम आहे.

इंजिन खोलायची वेळ आलीच तर माझं मत : ब्लॉक, हेड, क्रँक तसेच ठेवा, फक्त पिस्टन कमी उंचीच्या डोमचे घालून कम्प्रेशन १० च्या आसपास आणा. जाड गॅस्केट घालून कम्प्रेशन उतरवायचा शॉर्टकट नको. पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातलं अंतर साधारण ०.०४० इंच असेल तेव्हा चेंबरमधलं मिश्रण नीट घुसळलं जातं. ते वाढवलं की कम्प्रेशन थोडंसं उतरतं आणि नॉकिंग जिथल्या तिथे.

---

पत्रेवाला

फोटो बघायला बसलाच आहात तर पत्र्याचंही बघा. मागच्या काचेभोवतीची स्टीलची पट्टी ज्या छोट्या स्टडवर बसते तिथे पाणी साचतं, काचेची चौकट कुजते आणि ते पाणी थेट डिकीत उतरतं. फोटोंत ती चौकट कापून नवा पत्रा लावलेला दिसतो की नुसती पुट्टी? त्यापाठोपाठ डिकीचे दोन्ही कोपरे, मागच्या क्वार्टरचा चाकामागचा खालचा भाग, पुढच्या फेंडरचा तळ आणि मागच्या धुरीवरची चासी.

जाडी मोजायचं गेज न्या. कारखान्याचा लॅकर साधारण ४ ते ६ मिल (इंचाचा हजारावा भाग) भरायचा. आजचा बेसकोट-क्लिअरकोट ८ ते १२ पर्यंत जातो, तो ठीकच. २० च्या वर गेलं की खाली पुट्टी. छतावरचा आकडा आधी घ्या, तिथे सहसा कुणी डेंटिंग केलेलं नसतं, मग त्याच्याशी क्वार्टर ताडून बघा.

हूड आणि डिकीवरचे पट्टे मुळात रंगवलेले असत, स्टिकर नव्हे. क्लिअरकोटखाली गाडलेले, बोटाला कड न लागणारे पट्टे दिसायला सुंदर असतात पण कारखान्याचे तसे नव्हते. हा दोष म्हणून सांगत नाही, चोखंदळ परीक्षक गुण कापतात म्हणून सांगतो.

आणि खाली वाका. बिग ब्लॉक एसएसला १२ बोल्टचा मागचा ॲक्सल, बंद पेटीसारखे खालचे कंट्रोल आर्म, मागचा स्वे बार आणि ३/८ इंचाची पेट्रोलची नळी. साध्या मालिबूला १० बोल्ट आणि ५/१६ ची नळी. ॲक्सल सगळेच बदलतात, नळी बदलायचं मात्र नक्कल करणाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही. अर्थात पूर्ण रिस्टोअर केलेल्या गाडीत नळ्या नव्याच असणार, म्हणून उतरवण्याआधीच्या फोटोंत बघा.

---

चौथा_गियर

सगळ्यांचे आभार. स्टार्टरजवळची तारीख वाचली : सी २४ ०. पॅडवर ब्रोचिंगच्या रेघा दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे. गियरबॉक्स पी०सी०५सी, त्यावरचा व्हीआयएनचा भाग जुळतो आणि फायरवॉलच्या फोटोतलाही. चासीच्या रेलचा फोटो धूसर आहे. टायमिंगची खूण पिस्टन स्टॉपने तपासली, बरोबर आहे. एकूण ॲडव्हान्स ३८. शराउड आहे, पण रबरी पट्ट्या नाहीत आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. क्लच दाबून, गाडी उभी ठेवून आरपीएम वाढवला तरी थरथर येतेच.

---

डेक_पॅड

मग इंजिनाचा निकाल लागला. २४ मार्चला ओतलेला ब्लॉक ११ मार्चला जुळवून तयार होऊ शकत नाही. ज्याने ठोकलं त्याने काउल टॅगशी मेळ बसेल अशी तारीख नीट निवडली, ओतकामाची तारीख बघायचं राहिलं.

तरी एकदा खात्री करा. ऑरेंज इंजिन पेंटचे थर साचून उठावाचे आकडे बुजतात. ४ आणि २४ यांतला २ म्हणजे कधीकधी नुसता ओतकामाचा खडबडीतपणा असतो. पेंट रिमूव्हर आणि पितळी ब्रशने पूर्ण साफ करा, वायरचा चक्री ब्रश नको. मग कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या. ४ निघाला तर क्रम परत जुळतो आणि प्रश्न फक्त मिल केलेल्या पॅडचा उरतो. २४ च असेल तर हा त्याच काळातला, पण दुसऱ्या गाडीचा ब्लॉक आहे.

यात एक चांगली बाजू आहे, ती विसरू नका. गियरबॉक्स एम२२, तारखेने बसणारा, आणि त्यावर याच गाडीचा क्रमांक. त्या शिक्क्याचीही भिंगाखाली तशीच तपासणी करा. तो अस्सल ठरला तर गाडी मुळात साधी मालिबू असण्याची शक्यता बरीच कमी होते, कारण एम२२ वाटेल त्या इंजिनामागे मिळत नसे. पण तो ३९६ च्या ३७५ हॉर्सपॉवरवाल्या आवृत्तीमागेही येत असे, त्यामुळे एलएस६ सिद्ध होते असं मी म्हणणार नाही. बिल्ड शीटशिवाय तुम्ही ‘एम२२ ची अस्सल गाडी, बदली इंजिन’ एवढीच किंमत मोजावी. ‘मॅचिंग’ हा शब्द विक्रीच्या कागदावर येऊ देऊ नका, आणि आलाच तर ओतकामाच्या तारखेसकट येऊ द्या.

---

जेट_७८०

ओतीव_लोखंड यांचा पिस्टनचा सल्ला मूळ इंजिनासाठी योग्य होता. पण वर्षाला हजारभर मैल चालणाऱ्या गाडीसाठी इंजिन खोलायचं कशाला? आधी ३८ चे ३५-३६ करा. मग पेट्रोल. ९३ मध्ये निम्मं १०० ऑक्टेनचं शिसेविरहित रेस फ्युएल मिसळलं की साडेशहाण्णव होतं. शिसं असलेलं ११० मिसळायचा मोह होईल, चौथाई घातलं तरी ९७ च्या पुढे जातं, पण ते अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीसाठी १९९६ पासून बंद आहे.

शिवाय पंपावरच्या पेट्रोलात १० टक्के इथेनॉल असतं, त्याने मिश्रण थोडं पातळ होतं आणि पातळ मिश्रण जास्त नॉक करतं. होली ७८० कार्ब्युरेटरचे मूळ जेट (पेट्रोलची मोजलेली छिद्रं) तसेच असतील तर पुढचे एक-दोन नंबर वाढवून प्लगचा रंग बघा. त्याच इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. टाकीपासून पंपापर्यंतच्या जोडनळ्यांवर ३०आर९ (नळीचा दर्जा) छापलेलं नसेल तर बदलून टाका, गरम एक्झॉस्टशेजारी पेट्रोल गळायला नको.

होलीचं दुसरं घर (सेकंडरी बॅरल) व्हॅक्यूमवर उघडतं. तिथे हलकी स्प्रिंग घालून ‘दणका’ वाढवायची हौस अनेकांना असते, आणि मग ते घर लवकर उघडून इंजिन क्षणभर गुदमरतं. तिसऱ्या गियरमध्ये नॉकिंगच्या आधी असा अडखळा येतो का, ते सांगा.

---

ओतीव_लोखंड

पेट्रोलबद्दल मान्य. ब्लॉक मूळ नसेल तर खोलायची घाईही नाही. पण थरथर तशी सोडता येणार नाही.

क्लच दाबून उभ्या गाडीत थरथर येते म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, ॲक्सल, टायर सगळे सुटले. क्रँक, डॅम्पर किंवा फ्लायव्हील. ३९६ आणि ४२७ ही इंजिनं आतूनच संतुलित असतात. ४५४ चं तसं नाही, तिच्या क्रँकचं उरलेलं वजन डॅम्परवर आणि फ्लायव्हीलवर ठेवलेलं असतं. इथे ब्लॉकच दुसरीकडून आलाय, तेव्हा जुळणी करणाऱ्याने हाताशी असलेला ४२७ चा डॅम्पर किंवा फ्लायव्हील लावलं असण्याची दाट शक्यता आहे. बोल्ट सगळे बसतात, काही अडत नाही, आणि आरपीएम वाढला की गाडी थरथरते.

डॅम्पर बघायला फक्त पंखा आणि पट्टे काढायचे. ४५४ च्या डॅम्परची मागची बाजू आरशात बघा, कडीवर एका बाजूला वजनाचा भाग ठेवून उरलेली कापलेली दिसते. सगळीकडे सारखी जाड कडी असेल तर तो चुकीचा. तो बरोबर निघाला तर गियरबॉक्स उतरवून फ्लायव्हील बघावं लागेल, त्यावरही एका बाजूला वजन हवं. डॅम्पर काढायला पुलर आणि बसवायला इन्स्टॉलर वापरा, हातोडा नको. कडी रबरावर सरकते आणि टायमिंगची खूण पुन्हा खोटी होते.

खरेदी होईपर्यंत ही गाडी २५०० च्या वर नेऊ नका. अशा असंतुलनाने मेन बेअरिंग एकीकडे झिजतात आणि फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले होतात. विक्रेत्याला गरम इंजिनाचा आयडलवरचा तेलाचा दाब यांत्रिक गेज लावून दाखवायला सांगा, डॅशवरचा काटा बघून नाही. आणि फिल्टर कापून बघायची परवानगी सौद्याआधीच घ्या.